ऑफिसातल्या जुन्या पीसीचा फाइल सर्व्हर: लिनक्सवर सांबा, पहिल्यापासून

पाच-सहा कॉम्प्युटरचं ऑफिस असेल, सीएचं म्हणा, डीटीपीचं म्हणा नाहीतर क्लासचं, तर तिथे फायली बहुतेक पेन ड्राइव्हवरून नाहीतर व्हॉट्सॲपवरून फिरतात आणि दोन महिन्यांनी कुठली फाइल ताजी आहे हे कुणालाच धड सांगता येत नाही. यावर उपाय म्हणून कुणीतरी नॅस विकत घ्या सांगतं, घ्या ना पैसे असतील तर, (नॅस म्हणजे फायली ठेवायचा तयार डबा), पण कोपऱ्यात पडलेला जुना डेस्कटॉप, दोन-चार जीबी रॅमवाला, एवढ्या कामाला आरामात पुरतो. त्याच्यावर डेबियन किंवा उबुंटू (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) टाकायचं आणि सांबा चालू करायचं. सांबा म्हणजे विंडोज ज्या भाषेत फायली शेअर करतं ती एसएमबी भाषा लिनक्सला बोलता यावी म्हणून असलेलं सॉफ्टवेअर, अँड्र्यू ट्रिजेल नावाच्या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने १९९२ च्या सुमारास सुरू केलेलं, फुकट आहे आणि आजही जोरात चालू आहे. (सगळी मशीन्स लिनक्सच असतील तर एनएफएस ही लिनक्स-लिनक्समध्ये फायली शेअर करायची पद्धत बघा, पण ऑफिसात एक जरी विंडोज असेल तरी सांबाच.)

एक आधीच सांगून ठेवतो. खाली सगळ्या कमांड देवनागरीत आहेत, फोनवर समोरच्याला सांगतो तशा. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजीतच टाकायच्या, सगळी अक्षरं लहान, जिथे मोठं अक्षर लागतं तिथे मी "मोठा" असं लिहिलंय. "डॅश" म्हणजे वजाबाकीचं चिन्ह.

आणि दुसरं, हे डोक्यात बसलं तर पुढचा अर्धा त्रास वाचेल. सांबावर फाइल उघडायला दोन परवानग्या लागतात. पहिली सांबाची, दुसरी लिनक्सच्या फोल्डरची स्वतःची. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने सोडलं म्हणून फ्लॅटचं कुलूप उघडत नाही, तसंच. नवीन माणूस सांबाच्या सेटिंगमध्ये तास तास डोकं खुपसून बसतो आणि घोळ असतो फोल्डरच्या परमिशनमध्ये.

इन्स्टॉल करणं

हे सोपंय (सुडो म्हणजे ॲडमिन म्हणून चालव, एपीटी म्हणजे सॉफ्टवेअर आणणारी कमांड):

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल सांबा एसएमबीक्लायंट

दुसरं पॅकेज टेस्टिंगसाठी, ते घ्याच. झालं की "एसएमबीडी डॅश डॅश व्हर्जन" टाकून आकडा बघा, ४.११ किंवा त्याच्या पुढचा असला की झालं, कारण ४.११ पासून एसएमबीचं जुनं, असुरक्षित रूप, एसएमबी-१, मुळातच बंद असतं. डेबियन १२ मध्ये ४.१७ येतं, उबुंटू २४.०४ मध्ये ४.१९, म्हणजे काळजी नाही.

आयपी पक्का करा

सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) रोज बदलला तर रोज कुणीतरी "सर्व्हर दिसत नाही" म्हणून हाका मारणार. "होस्टनेम डॅश मोठा आय" टाकलं की सध्याचा आयपी दिसतो, समजा १९२.१६८.१.५० आहे. मग राउटरच्या पेजवर जाऊन डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा ॲड्रेस रिझर्व्हेशन असं काहीतरी असतं तिथे या मशीनला हाच आयपी बांधून टाका. लिनक्समध्ये स्टॅटिक आयपी टाकता येतो, पण राउटरवर केलेलं बरं, उद्या मशीनवर लिनक्स परत टाकलं तरी ते टिकतं. सर्व्हर वायफायवर ठेवू नका, केबलच लावा.

केबलवरून आठवलं, बऱ्याच ऑफिसात वायरिंग करणाऱ्याने आठातल्या चारच तारा क्रिंप केलेल्या असतात, चालतं सगळं पण १०० एमबीपीएसवर, म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ११-१२ एमबी. गिगाबिटला आठही तारा लागतात आणि मग सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातं (हार्ड डिस्क तेवढी जुनी नसेल तर). कॉपी फार हळू वाटली तर सांबाच्या नावाने बोटं मोडण्याआधी "सुडो इथटूल" आणि पुढे नेटवर्क कार्डाचं नाव टाकून स्पीडची ओळ बघा. "इथटूल" नसेल तर तेही एपीटीने येतं.

माणसं आणि ग्रुप

सगळ्यांना मिळून एकच युजर, पासवर्ड "ऑफिस१२३", असं करायचा मोह होतोच. नका करू. प्रत्येकाचा वेगळा युजर असला की फाइल कुणी बदलली ते कळतं, आणि कुणी नोकरी सोडली तर फक्त त्याचं दार बंद करता येतं, सगळ्यांचे पासवर्ड बदलत बसावं लागत नाही.

आधी ग्रुप:

सुडो ग्रुपॲड ऑफिस

मग युजर. समजा ऑफिसात सीमा आणि राजू आहेत. सीमाला फक्त शेअरमधल्या फायली हाताळायच्यात, सर्व्हरवर लॉगिन करायचं नाहीये, म्हणून तिला होम फोल्डर नको आणि शेलही (कमांड टाकायची जागा) नको:

सुडो युजरॲड डॅश मोठा एम डॅश एस /युएसआर/एसबिन/नोलॉगिन डॅश मोठा जी ऑफिस सीमा

आता सांबाचा पासवर्ड. हा लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो आणि सांबा तो स्वतःकडे वेगळा ठेवतं, त्यामुळे लिनक्समध्ये युजर आहे म्हणजे सांबात आहेच असं नाही. कमांडचं स्पेलिंगही नीट बघा, "पासवर्ड" या शब्दातले ओ आणि आर गाळलेले आहेत:

सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी डॅश ए सीमा

दोनदा पासवर्ड विचारेल, टाइप करताना स्क्रीनवर काही उमटत नाही, घाबरू नका. सगळ्यांचं झालं की "सुडो पीडीबीएडिट डॅश मोठा एल" ने यादी बघा. पुढे कुणी सोडून गेलं तर हीच पासवर्डची कमांड डॅश ए ऐवजी डॅश डी लावून चालवायची, खातं बंद होतं, आणि डॅश एक्स लावलं तर सांबातून कायमचंच जातं.

फोल्डर, म्हणजे खरं काम इथेच

फोल्डर कुठे करायचा? स्वतःच्या होममध्ये करू नका. उबुंटूत २१.०४ पासून नवीन होम फोल्डर दुसऱ्यांना बंदच असतो, त्यामुळे आतल्या फोल्डरला कितीही परमिशन द्या, बाकीचे वरच्या दारातच अडकतात आणि एरर असा येतो की काही कळत नाही. लिनक्समध्ये अशा कामासाठी "एसआरव्ही" नावाची जागा मुद्दाम ठेवलेली आहे, ती वापरा.

सुडो एमकेडीआयआर /एसआरव्ही/ऑफिस
सुडो सीएचओडब्ल्यूएन रूट:ऑफिस /एसआरव्ही/ऑफिस
सुडो सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/ऑफिस

२७७० मधला पहिला ७ मालकाचा, दुसरा ७ ग्रुपचा, शून्य म्हणजे बाकी जगाला काही नाही. आणि पुढचा २ फार कामाचा, त्याला सेटजीआयडी म्हणतात, त्याने काय होतं की या फोल्डरात कुणीही नवीन फाइल केली तरी तिचा ग्रुप "ऑफिस"च राहतो. तो २ नसला तर सीमाने केलेली फाइल सीमाच्या स्वतःच्या ग्रुपची होते आणि राजूला ती उघडतच नाही किंवा उघडली तर सेव्ह होत नाही, मग राजू म्हणतो सर्व्हर बिघडला.

नेटवर बरेच जण अशा वेळी सरळ ७७७ करा सांगतात. चालतं ते, पण मग त्या मशीनवरचा कुठलाही प्रोग्राम, कुठलाही युजर त्या फायली लिहू-पुसू शकतो. ऑफिसच्या हिशोबाच्या फायलींना ७७७ लावायचं म्हणजे ग्रुप समजून घ्यायचा कंटाळा केला, दुसरं काही नाही.

सांबाची सेटिंग फाइल

आधी कॉपी काढून ठेवा:

सुडो सीपी /ईटीसी/सांबा/एसएमबी.कॉन्फ /ईटीसी/सांबा/एसएमबी.कॉन्फ.जुनी

मग "सुडो नॅनो /ईटीसी/सांबा/एसएमबी.कॉन्फ" ने उघडा. फाइल लांबलचक आहे पण बहुतेक ओळी हॅशने नाहीतर सेमीकोलनने सुरू होतात, म्हणजे त्या बंद आहेत. वरती चौकोनी कंसात "ग्लोबल" लिहिलेला भाग असतो, तो सगळ्या सर्व्हरला लागू होतो, त्यात वर्कग्रुपचं नाव "वर्कग्रुप" असतंच, विंडोजचंही तेच असतं, हात लावायची गरज नाही. खाली प्रिंटरचे दोन भाग असतात, प्रिंटर शेअर करायचा नसेल तर त्या ओळींपुढे हॅश लावून टाका.

फाइलच्या एकदम शेवटी हे घाला:

[ऑफिस]
पाथ = /एसआरव्ही/ऑफिस
रीड ओन्ली = नो
व्हॅलिड युजर्स = @ऑफिस
क्रिएट मास्क = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०

पहिल्या ओळीतलं नाव हे लोकांना दिसणारं शेअरचं नाव. "रीड ओन्ली" नाही लिहिलं तर सांबा आपोआप फक्त वाचायलाच देतं, ही ओळ विसरणारे खूप असतात. ॲट चिन्ह म्हणजे एका युजरचं नाव नाही, अख्खा ग्रुप. मास्कच्या दोन ओळी म्हणजे नवीन फाइल आणि नवीन फोल्डर झाला की ग्रुपला लिहायची परवानगी राहावी, कारण सांबाचा स्वतःचा डिफॉल्ट ग्रुपला फक्त वाचू देतो.

कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स करून बाहेर या. आता रीस्टार्टच्या आधी "टेस्टपार्म" असं नुसतं टाकून एंटर करा. स्पेलिंग चुकलेली ओळ असेल तर ते ओरडतं. काही नाही म्हणालं तर

सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी

फायरवॉल

सांबा टीसीपी पोर्ट ४४५ वर बोलतं (जुनी नेटबायोसची पद्धत १३७, १३८, १३९ वापरायची). उबुंटूत युएफडब्ल्यू (तिथली फायरवॉल) चालू असेल तर फक्त ऑफिसच्या नेटवर्कला परवानगी द्या:

सुडो युएफडब्ल्यू अलाऊ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी ॲप सांबा

इथे शेवटच्या "सांबा"चा एस मोठा आहे. युएफडब्ल्यू बंदच असेल आणि आता चालू करायचं असेल आणि तुम्ही एसएसएचवरून (दुसऱ्या पीसीवरून टर्मिनलने) बसला असाल तर आधी "ओपनएसएसएच"ला (ओ आणि एसएसएच मोठे) परवानगी द्या, नाहीतर स्वतःच बाहेर राहाल. फेडोरावाल्यांनी (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) लक्षात ठेवायचं की तिथे फायरवॉल-सीएमडी आहे आणि वर एसईलिनक्स ही जादा सुरक्षा आहे, फोल्डरला "सांबा अंडरस्कोर शेअर अंडरस्कोर टी" हे लेबल लावलं नाही तर बाकी सगळं बरोबर असून दार उघडत नाही. म्हणजे तिथे परवानग्या दोन नाही, तीन.

राउटरवर ४४५ पोर्ट बाहेरच्या जगाला कधीही उघडू नका. "घरून फायली बघायच्यात" म्हणून काही जण पोर्ट फॉरवर्ड करतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला तो विंडोजच्या एसएमबी-१ मधल्या भोकातून आणि याच पोर्टावरून. घरून हवंच असेल तर वायरगार्डसारखं व्हीपीएन (इंटरनेटवरून खाजगी बोगदा) लावा आणि त्याच्या आतून या.

आधी सर्व्हरवरच तपासा

विंडोजकडे धावू नका. सर्व्हरवर बसूनच

एसएमबीक्लायंट //लोकलहोस्ट/ऑफिस डॅश मोठा यू सीमा

पासवर्ड टाका, आत गेलात की "एलएस" करा, मग "एमकेडीआयआर चाचणी" करून बघा (ही फक्त इंग्रजी "एमकेडीआयआर", फोल्डरचं नाव मराठीत खरोखर मराठीतच टाका, चालतं). आतच घेतलं नाही आणि "लॉगऑन फेल्युअर" आलं तर पासवर्ड किंवा सांबा युजरचा घोळ. आत घेतलं पण फोल्डर करू दिला नाही, "ॲक्सेस डिनाइड" आलं, तर लिनक्सच्या परमिशन. "बॅड नेटवर्क नेम" आलं तर शेअरचं नाव चुकलंय किंवा तो पाथच तिथे नाहीये. एवढ्या तीन एररवरून कुठे बघायचं ते कळतं.

विंडोजवरून जोडणं

विंडोज आणि आर दाबा, दोन उलटे स्लॅश, आयपी, एक उलटा स्लॅश, ऑफिस. म्हणजे \\१९२.१६८.१.५०\ऑफिस, अर्थात इंग्रजीत. युजर-पासवर्ड विचारेल, तिथे विंडोज बऱ्याचदा आपल्या मनाने मायक्रोसॉफ्टचा ईमेल भरून ठेवतं, तर "मोअर चॉइसेस"मध्ये जाऊन "युज अ डिफरंट अकाउंट" करा आणि "सीमा" टाका, "रिमेंबर"वर टिक करा. उघडलं की "धिस पीसी"मध्ये जाऊन "मॅप नेटवर्क ड्राइव्ह" करून झेड किंवा वाय असं अक्षर देऊन टाका, लोकांना आयपी पाठ करायला लावू नका.

एकदा एका युजरने जोडलं आणि मग त्याच पीसीवरून दुसऱ्याने जोडायला गेलात तर विंडोज म्हणतं एकाच सर्व्हरला दोन युजरनी जोडता येणार नाही. यात सर्व्हरचा काही दोष नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये "नेट युज स्टार स्लॅश डिलीट" करा (याने त्या पीसीवरचे बाकीचे मॅप केलेले ड्राइव्हही सुटतात), क्रेडेन्शियल मॅनेजरमधून जुनी नोंद काढा, परत जोडा.

पासवर्डशिवाय, गेस्ट म्हणून चालवू का असं बरेच विचारतात. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ पासून ते नीट चालतच नाही, साइनिंग (प्रत्येक निरोपावर सही) सक्तीचं झालंय आणि गेस्टला साइनिंग जमत नाही. मग लोक विंडोजची सुरक्षा बंद करायचे उपाय शोधत बसतात, त्यापेक्षा प्रत्येकाला पासवर्ड देणं दहा मिनिटांचं काम आहे.

"नेटवर्क"वर क्लिक केलं की सर्व्हर आपोआप दिसावा असं वाटत असेल तर सर्व्हरवर "डब्ल्यूएसडीडी" नावाचं पॅकेज टाका. नाही दिसला तरी काही अडत नाही, मॅप केलेला ड्राइव्ह चालतोच. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड-के दाबून एसएमबी, कोलन, दोन सरळ स्लॅश आणि आयपी. अँड्रॉइडवर व्हीएलसीतूनही शेअर बघता येतो.

डिलीट झालेल्या फायली

नेटवर्क ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. हे ऑफिसात कुणालाही माहीत नसतं. शेअरच्या भागात हे वाढवा:

व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = रीसायकल
रीसायकल:रिपॉझिटरी = .कचरा
रीसायकल:कीपट्री = यस
रीसायकल:व्हर्जन्स = यस
रीसायकल:डिरेक्टरी_मोड = ०७७०

शेवटची ओळ नसली तर कचऱ्याचा फोल्डर पहिल्यांदा डिलीट करणाऱ्यापुरताच उघडा राहतो.

टेस्टपार्म, रीस्टार्ट. आता डिलीट केलेलं सगळं लपलेल्या "कचरा" फोल्डरात मूळ फोल्डरांच्या रचनेसकट पडून राहतं. ते आपोआप साफ होत नाही, डिस्क भरत जाते, महिन्यातून एकदा बघायची सवय ठेवा.

मराठी फाइलनावं

मराठी नावं सांबाला आणि लिनक्सला बिनधास्त चालतात, युनिकोड असलं की झालं. पण एक गोम आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ डिस्कवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजून. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. विंडोजवर २५५ पर्यंत जातं. त्यामुळे "जिल्हा परिषद प्राथमिक शाळा मुख्याध्यापक बैठक इतिवृत्त आणि उपस्थिती पत्रक सुधारित प्रत सप्टेंबर" असली फाइल विंडोजवर मस्त असते आणि सर्व्हरवर कॉपी करताना अडते, एररमध्ये कारण धड लिहिलेलं नसतं. नाव लहान करा, जाते.

लाईट आणि डिस्क

लाईट जाऊन आली की सर्व्हर आपोआप चालू व्हायला हवा. बायोसमध्ये "रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस" असं काहीसं असतं ते ऑन करा. आणि छोटा का होईना, युपीएस लावाच.

फायलींसाठी वेगळी डिस्क लावत असाल तर ती ईएक्सटी४ करा, एनटीएफएसवर (विंडोजची पद्धत) वरची सगळी परमिशनची गंमत नीट चालत नाही. एफएसटॅबमध्ये (मशीन चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) युयुआयडीने (डिस्कचा ओळख-नंबर) माउंट करा, म्हणजे जोडा ("सुडो बीएलकेआयडी" ने मिळतो) आणि "नोफेल" लिहा, म्हणजे डिस्क बिघडली तरी मशीन चालू होईल. शेअर मात्र थेट माउंटच्या जागेचा करू नका, त्या डिस्कच्या आत एक फोल्डर करा आणि त्याचा करा. का, तर डिस्क माउंट झालीच नाही तर तो आतला फोल्डर दिसणारच नाही, लोकांना एरर येईल आणि लगेच कळेल. नाहीतर लोक दिवसभर मूळ डिस्कच्या रिकाम्या फोल्डरात फायली टाकत बसतील आणि संध्याकाळी जुन्या फायली कुठे गेल्या म्हणून शोधाशोध.

बॅकअप वेगळाच घ्यायचा. एखाद्या पीसीत रॅन्समवेअर आलं तर मॅप केलेल्या ड्राइव्हवरचंही सगळं कुलूपबंद होतं, सर्व्हर लिनक्सचा आहे म्हणून वाचत नाही. आरसिंक या कॉपीच्या कमांडने बाहेरच्या डिस्कवर कॉपी घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा, जोडलेलीच ठेवली तर तिचा काय उपयोग. दोन डिस्का आलटून पालटून वापरल्या तर आणखी बरं.

झेरॉक्स मशीनचा स्कॅन

जुनं मल्टिफंक्शन मशीन "स्कॅन टू फोल्डर" करतं पण त्याला एसएमबी-१ च येतं, मग सर्व्हिसवाला येऊन सांगतो सर्व्हरवर जुना प्रोटोकॉल चालू करा. तो ग्लोबल सेटिंगमध्ये चालू होतो, एका शेअरपुरता नाही, म्हणजे एका स्कॅनरसाठी अख्खा सर्व्हर जुना होतो. मशीनला एफटीपी किंवा ईमेलवर पाठवता येतं का ते आधी बघा, बहुतेकांना येतं.

कुणी काय उघडलंय

राजूच्या एक्सेलवर "फाइल लॉक्ड आहे" येतं आणि कुणीच कबूल होत नाही की माझ्याकडे उघडी आहे. "सुडो एसएमबीस्टेटस" टाका, कोण कुठल्या पीसीवरून जोडलेलं आहे आणि खाली कुठल्या फायली उघड्या आहेत ते सगळं दिसतं, पीआयडी (त्या कनेक्शनच्या प्रोसेसचा) नंबरसकट. त्या माणसाला सांगून बंद करायला लावा. पीसी हँग झालेला असेल तर "सुडो किल" आणि तो पीआयडी, तेवढं एकच कनेक्शन तुटतं, बाकीच्यांचं काम चालू राहतं. तरीही लॉक्ड म्हणत असेल तर त्याच फोल्डरात टिल्ड आणि डॉलरने सुरू होणारी एक लपलेली छोटी फाइल राहिलेली असते, ती एक्सेलची असते, सांबाची नाही. फाइल खरंच कुणाकडे उघडी नाही ना ते बघून ती डिलीट करा.